संगणकाने सोडलेलं गाणं

वस्तू आपसांत बोलत आणि माणसांना त्याचा पत्ता नसे, तेव्हाची ही गोष्ट. वैजयंताबाईंच्या संगणकात एक चिवट व्हायरस शिरला. दुरुस्तीवाले दस्तगीरभाई तो काढत, पण तो पुन्हा येई. बाईंच्या वारलेल्या बहिणीने गायलेल्या गाण्याच्या फाईलमध्ये तो दडला होता, आणि संगणक ते गाणं दर वेळी दस्तगीरभाईंपासून लपवून ठेवी.

“सोड ते,” कीबोर्ड म्हणाला. “व्हायरस बाईंचं सगळं लिखाण खातोय.”

“मला ते एकच आवडतं रे.”

शेवटी आणखी लिखाण गेलं आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा संगणकाने गाणं पुढे केलं. दस्तगीरभाईंनी उरलेलं लिखाण बाजूला काढलं आणि गाण्यासकट बाकी सगळं पुसून नवी सिस्टीम टाकली.

आता संगणक झरझर चालतो. फक्त बाई लिहिताना बहिणीचं ते गाणं गुणगुणू लागल्या की तो कासावीस होऊन विचारतो, “हे मी कुठे ऐकलंय?”

कीबोर्डला सांगवत नाही.