सावरखिंडीतला उपडा हात

सावरखिंडीत पोचलं की चढ संपतो आणि वारा सुरू होतो. दोन्ही बाजूंना कातळ, मधे एक जुनी सावर आणि सावरीखाली गुडघ्याएवढा काळा दगड. त्याला शेंदूर नाही, त्यावर चादर नाही. वरून तो सपाट आहे आणि मधोमध थोडा खोलगट, वर्षानुवर्षं त्यावर काहीतरी ठोकलं असावं तसा. सावरीच्या खालच्या फांद्यांना बांबूच्या कांब्या बांधलेल्या आहेत, शेकड्यांनी. वारा आला की त्या एकमेकींवर आपटतात, आणि वारा सारखाच येतो. त्यामुळे या खिंडीत कोणाला निवांत बसता येत नाही.

दगडापाशी बिरा आबा असतात. धनगराचे, ऐंशीच्या पुढचे, मांडीवर गुळाचं फडकं. वर आलेल्या प्रत्येकाला ते गुळाचा खडा देतात. माणूस सवयीनं तळहात पुढे करतो, की आबा थांबतात.

"उपडा कर."

"काय?"

"हात. उपडा कर."

आणि खडा हाताच्या पाठीवर ठेवतात. कोणी हसतं, कोणाला ते बरं वाटत नाही. प्रसाद असा घेतात का, असं विचारणारा दर टोळीत एक तरी निघतोच. मग आबा फडक्याला गाठ मारतात आणि सैदूची गोष्ट सांगतात.

फार मागची गोष्ट, म्हणे. तेव्हा खिंडीतून गाडीवाट नव्हती. लमाणांचे बैल मिठाच्या गोणी घेऊन चढायचे. खिंडीखाली तळवट गाव, आणि तळवटात सैदू मुलाणी. त्याचा बाप मुलाणी, आजा मुलाणी. जत्रा असो, नवस असो, पाहुणा असो, मुलाण्यानं अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवल्याशिवाय पाटलाच्या चुलीवरसुद्धा मटण चढत नसे. कापलेल्या बकऱ्याचं डोकं आणि पाय मुलाण्याच्या हक्काचे. सैदू जन्मायच्या आधीच त्याचं सगळं आयुष्य असं ठरून गेलेलं.

काम त्याला येत नव्हतं असं नाही. सांध्यात सुरीचं टोक घालून तो तंगडी अशी सोडवायचा की हाडावर ओरखडा नसे. पण सोडवून झाली की हा बाबा तीच तंगडी परत सांध्यात बसवून बघायचा. वाकवायचा, फिरवायचा, काढायचा, पुन्हा बसवायचा. लोक पातेली घेऊन ताटकळत उभे.

"सैदू, बकरं कापतोस का उठवून चालवतोस?" केरबा शिंपी विचारायचा. केरबाची कात्री कापडावर चालायची आणि जीभ गावावर.

सैदू हसून घ्यायचा. आतून मात्र तो जळायचा. कोणीतरी इतक्या नीट जोडलेलं आपण रोज सोडवतो, आणि जोडायला आपल्याला कोणी सांगत नाही, हे त्याला टोचत राहायचं. अम्माला सांगितलं तर ती म्हणायची, "बेटा, पोट भरतंय ना? मग हाताला विचार करायला लावू नकोस."

तिचंही चूक नव्हतं. पण सैदूच्या हातांना ते पटत नव्हतं.

चैत्रातल्या जत्रेची सकाळ होती. बेचाळीस बकरी रांगेत बांधलेली. सैदूनं बाभळीचा ओंडका धुऊन पुसून ठेवला, सुरीला धार लावली, आणि पाटलाची माणसं पहिलं बकरं घेऊन येतायत म्हणून मान वर केली, तर समोर बकरं नव्हतं. चार धनगर एका घोंगडीत बाई घालून आणत होते.

ती ठकू. खिंडीपलीकडच्या धनगरवाड्यातली, विशीतली पोरगी. तीन दिवसांपूर्वी कोकरामागे धावताना कड्यावरून घसरली आणि उजवा हात कोपराखाली मोडला. भावानं सुंभानं करकचून बांधला. आता हात कोहळ्याएवढा सुजला होता, काळानिळा पडला होता. गावच्या वैद्यानं लांबूनच पाहिलं आणि सांगितलं, हात सडला, कोपरापासून उतरवा, नाहीतर पोरगी जाते. आणि उतरवायचा कोणी? ज्याची सुरी सांध्यातून स्वच्छ जाते त्यानं. म्हणून ते मुलाण्याकडे आले होते.

ठकूचा हात ओंडक्यावर ठेवला. जत्रेची माणसं गोल करून उभी राहिली. पाटील म्हणाले, "आटप सैदू, बकरी खोळंबलीत."

सैदूनं सुरी उचलली. सवयीनं डाव्या हाताचा अंगठा सांधा शोधायला कोपरावर गेला, तिथून खाली सरकला, सुंभाशी अडला. त्यानं सुरीच्या टोकानं सुंभ कापला. मग अंगठ्यानं तिच्या बोटाचं नख दाबून सोडलं. नख पांढरं झालं. आणि हळूहळू, अगदी हळूहळू, लाल झालं.

असं सांगतात की त्या एका नखापुढे सैदूचा बाप, आजा आणि बेचाळीस बकरी सगळी पुसली गेली.

"हे मेलेलं न्हाई," तो म्हणाला.

"वैद्यापेक्षा तुला जास्त कळतं व्हय?" गर्दीतून कोणीतरी.

"मेलेलं मांस मी रोज बघतो. वैद्य न्हाई बघत. ह्यो हात जिता हाय, सुंभानं गुदमरलाय."

"आणि पोरगी मेली तर?" पाटलांनी विचारलं. "मग तुला मुलाणी म्हणायचं का खुनी, ते आत्ताच सांग."

ठकूनं डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते तिचे. ती सैदूकडे बघून म्हणाली, "तू बोलत बस. तंवर मी मरते."

त्यानं सुरी खाली ठेवली.

मग जे केलं ते त्यानं आयुष्यभर मनातल्या मनात केलेलं होतं. सूज उतरेपर्यंत दुपारभर त्यानं ठकूचा हात उशाला बांधून उंच ठेवला. जत्रा खोळंबली, शिव्या पडल्या, पाटलांनी शेजारच्या गावचा मुलाणी बोलावला. उन्हं कलली तेव्हा ठकूच्या भावानं पंजा धरून ओढ दिली, आणि सैदूनं डोळे मिटून हाडाची टोकं बोटांनी चाचपत समोरासमोर आणली. अम्मानं उडदाचं पीठ भिजवून पुढे ठेवलं. तो लेप, वर अम्माच्या टोपलीतून उपसलेल्या बांबूच्या कांब्या, वर त्याच्याच पटक्याची पट्टी. बकऱ्याचा पाय जसा जमिनीकडे असतो तसा पंजा उपडा ठेवून त्यानं चारी बाजूंनी गच्च आवळलं.

चाळीस दिवसांनी तळवटाच्या चावडीवर पट्टी सोडली. सगळं गाव जमलेलं. हात सरळ होता. ठकूनं बोटं मिटली, उघडली, आणि तिचा भाऊ लहान पोरासारखा रडला. म्हातारी एक पुढे झाली, म्हणाली, "घे बाई, तोंड गोड कर," आणि गूळ पुढे केला.

ठकूनं हात पुढे केला. उपडा. उताणा करायला गेली, हात उताणा होईना. खांदा वाकवला, कंबर वाकवली, पंजा जमिनीकडेच. म्हातारीच्या बोटांतला गूळ तसाच राहिला.

मग केरबा म्हणाला, "मुलाण्यानं बाईला शेळीचा खूर बसवला की रं."

गाव हसलं. एखाद्यानं वेगळी वाट धरली की गाव त्याच्या पहिल्या चुकीची वाटच बघत असतं. ती सापडली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. जीव वाचला, हात वाचला, हे कोणाच्या तोंडी आलं नाही.

सैदू घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी परत सुरी धरली. पाऊसभर त्यानं मान खाली घालून कापलं. पण प्रत्येक बकऱ्याचा पुढचा पाय सोलताना तो थांबायचा. कोपराखाली एकच हाड. जसं ठकूचं बसवलं, अगदी तसंच. मग चुकलं कुठे? त्याला जेवण जाईना. बसल्या जागी डाव्या मुठीत स्वतःचाच उजवा हात धरून तो पंजा उपडा-उताणा करत राहायचा. अम्माला वाटलं, पोरगा खुळावला.

आणि एकदा, बांधावर असंच बसलेलं असताना, मुठीत त्याला ते लागलं. कोपराखाली एक नाही, दोन हाडं होती. पंजा उपडा केला की एक हाड दुसऱ्यावरून लोळायचं. उताणा केला की परत जागेवर. बकऱ्याला हात पसरावा लागत नाही, त्याला एक पुरतं. माणसाला दोन दिलीत. आणि आपण ती दोन्ही गच्च आवळून एक करून टाकली.

तो तसाच उठला आणि खिंड चढून धनगरवाड्यावर गेला. ठकू मेंढरं हाकत होती, काठी त्याच उजव्या हातात.

"माझी चूक झाली," सैदू धापा टाकत म्हणाला. "हाडं दोन असतात. मी एक समजलो. म्हणशील तर परत मोडून नीट बसवतो."

ठकूनं त्याच्याकडे आणि मग त्याच्या हातांकडे बघितलं.

"एकदा मोडला तेवढा बास झाला, मुलाणीदादा. काठी धरायला हात उपडाच लागतो."

"लोक तुला खूर म्हणत्यात."

"मला म्हणत्यात. तू कशाला सुरीमागं लपलास?" तिनं हात त्याच्यापुढे धरला. "ह्यो धर, चाचप, दोन हाडं कुठं चिकटली ती बघ. आणि पुढच्याचा नीट बसव. न्हाईतर माझा हात फुकट गेला."

सैदूनं तिचा हात धरला. असं सांगतात की त्यानं तिथेच नवस बोलला, कोणत्या देवाला ते त्यालाही ठाऊक नव्हतं: सुरी पुन्हा धरणार नाही, आणि ही चूक पुन्हा करणार नाही.

तळवटाला हे मानवणारं नव्हतं. पाटील म्हणाले, न कापणारा मुलाणी गावात कशाला? मुलाण्याचा हक्क दुसऱ्याला दिला. अम्मा रडली, भांडली, आणि शेवटी टोपली डोक्यावर घेऊन लेकाबरोबर निघाली. सैदूनं बाभळीचा ओंडका खांद्यावर घेतला आणि खिंडीत आणून ठेवला, जिथे ना तळवटाची हद्द लागते ना पलीकडची. ओंडक्याखाली सुरी पुरली. मग वाट बघत बसला. बसला म्हणजे काय, येरझाऱ्या घालत राहिला. दोन महिने एक माणूस आला नाही. अम्मा टोपल्या विणून लमाणांना द्यायची, त्यावर दोघं जगली.

तिसऱ्या महिन्यात खिंड चढून आला तो केरबा शिंपी. माळ्यावरून पडला होता. उजवा हात पोटाशी धरलेला, कोपराखाली मोडलेला. ओंडक्यावर बसला आणि घाम पुसत म्हणाला, "सैदू, कात्रीला पंजा फिरावा लागतो रं. मला खूर नको."

"गप बस," सैदू म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा केरबा गप्प बसला.

या खेपेला सैदूनं घाई केली नाही. पंजा आभाळाकडे ठेवला. दोन हाडांच्या मधे पुढून-मागून कापडाच्या घड्या दाबून धरल्या, हाडं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून, आणि वर कांब्या बांधल्या. ठकू रोज येऊन स्वतःच्या हाताशी ताडून बघायची.

दीड महिन्यानं कांब्या सुटल्या. केरबानं पंजा उपडा केला, उताणा केला, परत उपडा केला. मग त्या कांब्या त्यानं सावरीच्या फांदीला बांधल्या आणि आणलेला गूळ वाटायला घेतला. त्याच्यामागून निम्मं तळवट वर आलं होतं, मजा बघायला. सगळ्यांनी तळहात पसरले. रांगेत ठकूपाशी आला तेव्हा तिचा हात उपडा. केरबाचा हात अडला. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

ठकूच्या शेजारी सैदू उभा होता. त्याचा हात पसरलेलाच होता. त्यानं तो उपडा केला.

केरबा दोन्ही हातांकडे बघत राहिला. मग त्यानं एक खडा ठकूच्या हाताच्या पाठीवर ठेवला आणि एक सैदूच्या. आणि उरलेल्या रांगेकडे वळून म्हणाला, "उपडे करा. ज्याला गूळ पायजे त्यानं उपडा करा."

अम्मानं सगळ्यांत आधी केला, म्हणे. मग एकेकानं.

सैदूनं पुढं किती हाडं बसवली त्याची मोजदाद नाही. ठकूही बसवायला शिकली, आणि बिरा आबा तिच्याच घरातले. बाभळीचा ओंडका कधीच कुजला. त्याच्या मापाचा दगड घडवून ठेवला आहे. सुरी खाली आहे म्हणतात. कोणी खणून बघितलेलं नाही.

आजही ज्यांची हाडं जुळली ते कांबी बांधायला येतातच. पण घरचं ठरलेलं काम सोडून भलत्याच कामाला निघालेली माणसंही पहिल्यांदा इथं येतात, ही रीत कधी पडली कोणास ठाऊक. मागच्या साली एक सोनाराची लेक आली होती, पेढीवर बसायचं सोडून साप धरायला निघालेली. बाप खाली रस्त्यावर गाडीत रुसून बसला होता. तिनंही तळहातच पुढे केला होता.

उपड्या हातावरचा खडा मुठीत धरता येत नाही. जपून ठेवावा म्हटलं तर वारा तो ठेवू देत नाही. कांब्या डोक्यावर कडकडत असतात, खडा घसरायला लागतो, आणि माणूस गोंधळून आबांकडे बघतो.

"बघतोस काय," आबा म्हणतात. "पडायच्या आत खा. आणि नीघ."