बांधावरचे दगड

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि ते सगळं गाव म्हणजे एकाच आजोबांची लेकरं. आजोबांनी तळं बांधलं. त्यांच्यामागे मुलांनी शेतं वाटून घेतली, भांडी वाटून घेतली आणि वाटायला काही उरलं नाही तेव्हा तळ्याचा बांधसुद्धा वाटून घेतला!

प्रत्येक हिश्श्याच्या टोकाला बांधाच्या माथ्यावर हद्दीचा दगड रोवायचा, अशी रीत पडली. नातवंडांच्या वाटण्या झाल्या तसे दगड वाढले. जो तो आपल्या तुकड्यावर माती टाकी, पण दगडाजवळ कुणीच टाकत नसे. टाकली की शेजारचा भाऊबंद विचारी, "का रे, हक्क सांगतोस काय?"

थोरल्या घरातल्या म्हाताऱ्याला गाव आबा म्हणे. तळ्याचं पाणी सोडायचं दार त्यांच्या हिश्श्यात, म्हणून पहिलं पाणी त्यांचं आणि बैठकीत शेवटचा शब्दही त्यांचाच. हा मान आबांना जिवापाड प्यारा होता. बांध पाझरतो, उन्हाळी पीक येत नाही, तरणी पोरं पोट भरायला परगावी जातात, हे त्यांना दिसत होतं. पण मानाला धक्का लावायचा कुणी?

एका श्रावणात पाऊस थांबेचना. भर दुपारी आबांची सून धापा टाकत आली. "मामंजी, बांधाला भोक पडलंय! आपल्या आणि धाकट्या मामंजींच्या मधल्या दगडापाशी."

आबा धावले. सगळं गाव बांधावर होतं, पण ज्याच्या त्याच्या तुकड्यावर घमेलं घेऊन उभं. भोकातून गढूळ पाणी उसळत होतं आणि खाली घरांत पाळण्यांत पोरं निजली होती.

"दादा, भाग तुमचा आहे," धाकटा भाऊ म्हणाला.

"माझा कसा? दगडाच्या पलीकडे..." आबांनी सुरुवात केलीच होती.

तेवढ्यात सून पुढे झाली. "मामंजी, मी दुसऱ्या गावची. मला हद्द कळत नाही. माती कुठे टाकू, तेवढं सांगा."

आबा खजील झाले. भोकाजवळचा दगड काढला तर भोक वाढेल, म्हणून ते आपल्या हिश्श्याच्या दुसऱ्या टोकाला गेले, तिथला दगड हलवून उपटला आणि भोकात ढकलला.

"दादा, तुमचा मान?" धाकटा ओरडला.

"घरंच वाहून गेली तर मान देणार कोण? आण तुझा दगड!"

मग एकेक दगड निघाला आणि भोकात गेला. वर साऱ्यांनी मिळून माती दाबली. पाणी थांबलं. तेव्हा कुठे गावाच्या जिवात जीव आला, आणि सगळे चिखलातच बसून हसू लागले.

आता कुणाचा हिस्सा कुठे, ते सांगायला दगडच उरला नाही. बांध सगळ्यांनी मिळून राखायचा ठरलं. पाण्याच्या बैठकीत सुना आणि घरजावईही बसू लागले. पहिलं पाणी शेवटच्या शेताला जाऊ लागलं. उन्हाळ्यात मळे पिकले, बाजार भरू लागला आणि परगावी गेलेली पोरं परतली.

पुढे एकदा नातीनं विचारलं, "आजोबा, आपला हिस्सा कुठवर होता हो?"

आबांना चांगलं आठवत होतं. "विसरलो गं बाई," ते म्हणाले, आणि त्यांना फार हलकं वाटलं.

तात्पर्य: घरात जी रीत चालते, तीच पुढे गावाची होते, म्हणून घरानं मुलांना वाटणीआधी एकत्र माती टाकायला शिकवावं.