ठकू गवळणीचं विरजण

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गवळण राहायची, ठकू तिचं नाव. गवळण असून तिच्या घरी दही म्हणून धड लागायचं नाही. का, सांगू? बाईला धीरच नव्हता. दूध विरजायची आणि घटकाघटकाला झाकण काढून बघायची. लागलं का? हलवून बघ, बोट घालून बघ. मग कसलं दही लागतंय, कपाळ. अख्खा गाव तिला हसायचा.

तिला एकच लेक होती, सुंदी. एकदा काय झालं, सुंदी डोंगरातल्या एका राक्षसाच्या तळ्याचं पाणी प्यायली आणि तिथंच झोपली. ठकूनं हाका मारल्या, गदागदा हलवलं, वैद्य आणला. पोर श्वास घेत होती, पण डोळा उघडेना.

मग ती पोरीला खांद्यावर घेऊन डोंगरावरच्या जोगिणीकडे गेली. जोगीण गुहेत डोळे मिटून बसायची. ती म्हणाली, "उद्या गाईचं दूध आण, ठके. मी विरजण घालीन. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गाडगं मांडीवर घेऊन बसायचं. उठायचं नाही, बोलायचं नाही, फडकं उचलायचं नाही. दही लागलं तर पोरीच्या ओठाला लाव, ती जागी होईल. मोडलं, तर ती कायमची झोपली."

दुसरं काहीही सांगितलं असतं तर केलं असतं ठकूनं, वाघिणीचं दूधसुद्धा आणलं असतं. नेमकं हेच निघालं.

"पण नुसती बसून मी करू काय?" तिनं विचारलं.

"श्वास येतो, श्वास जातो. तेवढा बघ. मन पळालं तर त्याला मारू नकोस. गाईला वळवतेस तसं वळवून आण."

सकाळी ठकू गुहेच्या तोंडाशी बसली, मांडीवर गाडगं. सुंदी मागे, आत निजलेली. जोगिणीनं दुधात विरजण घातलं, वर फडकं झाकलं आणि निघून गेली. खालून गावची गुरं घंटा वाजवत चरायला चढली, आणि मग सगळं गप्प झालं.

राक्षसाला कळलं, बरं का, की पोर हातची सुटणार. आधी त्यानं नाग पाठवला. नाग सरपटत आला, ठकूच्या पायावर चढला, गाडग्याला वेटोळं घालून तोंडासमोर फणा काढून बसला. ठकूची बोटं थरथरायला लागली. दूध हललं असतं की. तिनं श्वास धरला नाही, सोडलाही नाही. नुसता बघितला. आला. गेला. हळूहळू बोटं थांबली आणि नाग उतरून गेला.

मग दुपारी तिच्या पाठीमागून आवाज आला. "आई, भूक लागलीय."

सुंदीचाच आवाज. वळून बघावं? खरंच उठली असेल तर? "आई, बघ ना गं माझ्याकडे." आवाज रडायला लागला. ठकूच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण मान वळली नाही. रडता रडता ती श्वासच बघत राहिली. आवाज दमला आणि बंद झाला.

मग एकदम अंधारलं. समोर जोगीण उभी. "ऊठ, ठके. सूर्य मावळला. तुझ्यासारखं या डोंगरावर आजवर कुणी बसलं नाही. फार मोठी झालीस तू. बघ, दही लागलंय."

ठकू सुखावली. आता गाव काय म्हणेल, असं तिच्या मनात आलं, आणि हात फडक्याकडे गेला. फडक्याचं टोक चिमटीत आलं.

आणि तिच्या लक्षात आलं, श्वास कुठे गेला? तो बघायचाच राहिला होता. तिनं तो शोधला. आला. गेला. दिवसभर बसून कान असे जागे झाले होते की मुंगी चालली तरी ऐकू यावी. पण गुरांच्या घंटा? घंटा कुठे वाजल्या? गुरं परतल्याशिवाय कुठली सांज?

तिनं चिमूट सोडली.

मग गंमत झाली. 'लागलं का, लागलं का' म्हणणारी तिच्या मनात एक होती ना, ती तिला दिसली. दारात शेजारीण दिसावी तशी स्वच्छ दिसली. जन्मभर ठकू तिच्यामागे पळाली होती, बघितलं मात्र आज. बघितल्याबरोबर ती गप्प बसली. आत इतकं शांत झालं की ठकूला वाट बघायचंही सुचेना. राक्षसाला धरायला काही उरलं नाही. तो गेला, त्याचं जोगिणीचं सोंग गेलं, त्याचा अंधार गेला, बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

किती वेळ गेला, तिला कळलं नाही. मग सूर्य मावळला आणि डोंगर उतरत घंटा आल्या, एकामागून एक.

ठकूनं फडकं उचललं. दही असं घट्ट लागलं होतं की बोटाची खूण राहिली. तिनं ते बोट सुंदीच्या ओठाला लावलं. ओठ हलले. डोळे उघडले.

"आई, भूक लागलीय."

ठकूनं तिला पोटाशी धरलं आणि ते सगळं दही तिला भरवलं. पुढे त्या घरी दही कधी मोडलं नाही, आणि मायलेकी सुखानं राहिल्या.

चला, आता डोळे मिटा. आणि झोप लागली का, म्हणून एक डोळा उघडून बघायचं नाही हं. लागेल ती.