नागाईने जाळ लावला नाही

एका राज्यात न्याय तेलाच्या कढईत होत असे. कोणावर चोरीचा आळ आला, की कालजंघ मांत्रिक राजसभेसमोर कढई चढवी, उकळत्या तेलात सोन्याचा तुकडा टाकी आणि म्हणे, "काढ. खरा असशील तर हात भाजणार नाही." हात सगळ्यांचेच भाजत. राजधानीतल्या विहिरीही एकेक करून आटत चालल्या होत्या. चाळीसांपैकी आता एकच उरली होती.

कढईखालचा जाळ लावी नागाई लोहारीण. सात पिढ्यांचा मान होता तो. तिच्याइतका संथ, न धुमसणारा जाळ त्या मुलखात कोणाला साधत नसे, आणि हे तिलाही ठाऊक होते.

एके दिवशी सिंहासनावरचे माणिक नाहीसे झाले. कालजंघाने डोळे मिटले, ओठ हलवले आणि राजाच्या माळ्याकडे, भैरोजीकडे, बोट दाखवले. भैरोजी नागाईचा नवरा.

कढई चढली. नागाई पुढे आली आणि तिने हातातली चकमक राजाच्या पायाशी ठेवली.

"महाराज, हा जाळ मी लावणार नाही."

"नवऱ्यासाठी?" राजा शूरकेतूने विचारले.

"होय. आणि इतरांसाठी आजवर लावला, त्याची लाज वाटते म्हणूनही."

राजा तिची नजर चुकवून म्हणाला, "तीन दिवस देतो. कढईवाचून सत्य काढून दाखव."

नागाई रानात गेली. तिथे उंबरावर माणसासारखा बोलणारा धनेश पक्षी राही.

"त्या कढईला शाप आहे," धनेश म्हणाला. "निरपराध हात भाजला, की एक विहीर आटते. राजा भरसभेत आपला दोष स्वतःच्या तोंडाने सांगेल, त्या दिवशी शाप तुटेल. हजार वर्षे पुढे एक नगर आहे. तिथे कढईवाचून न्याय होतो. बस माझ्या पाठीवर."

ती बसली. धनेश हजार पावसाळे ओलांडून त्या नगरातल्या न्यायालयाच्या दारात उतरला.

पहिल्या दिवशी नागाईने पाहिले, की एका गरीब धनगरावर खटला होता आणि त्याच्या बाजूने काळा डगला घातलेली एक बाई बोलत होती. ती वकील त्याला सरकारनेच दिली होती. दुसऱ्या दिवशी त्या वकीलबाईने एका बड्या अंमलदाराला विचारले, "हे तुम्ही स्वतः पाहिलेत, की ऐकलेत?" आणि अंमलदाराला घाम फुटला. तिसऱ्या दिवशी न्यायाधीशाने धनगराला सोडले, का सोडले ते वाचून दाखवले आणि म्हटले, "ज्याला हे मान्य नसेल त्याने वरच्या न्यायालयात जावे."

बाहेर बाकावर एक म्हातारा बसला होता. नागाईने त्याला आपल्या राज्यातल्या कढईची गोष्ट सांगितली आणि विचारले, "आजोबा, तुमचा निकाल कधी?"

"अकरा वर्षे येतो आहे," म्हातारा म्हणाला. "फार उशीर करतात, बाई. हा उशीर तुमच्याकडे नेऊ नका. पण हे बघा." त्याने दोन्ही तळवे पुढे केले. ते कुठेही भाजलेले नव्हते.

तिसऱ्या दिवशी माध्यान्हीला नागाई धनेशाच्या पाठीवरून राजसभेत परतली आणि भैरोजीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मी याच्या बाजूने बोलेन. मांत्रिकबुवा, माणिक चोरताना तुम्ही याला डोळ्यांनी पाहिलेत?"

"विद्येने पाहिले."

"डोळ्यांनी?"

"नाही."

तिने द्वारपालाला बोलावले. द्वारपाल म्हणाला, "त्या दिवशी सिंहासनाच्या दालनाला कुलूप होते. किल्ली एकच. ती महाराजांच्या कमरेला असते."

नागाईने मान ताठ केली.

"महाराज, आता आपल्यालाच विचारावे लागेल. कुलूप कोणी उघडले?"

राजाने मुकुट सिंहासनावर ठेवला, तो पायऱ्या उतरला आणि द्वारपालाच्या जागी येऊन उभा राहिला.

"मी. विहिरींना पाणी यावे म्हणून माणिक मीच कालजंघाला दिले. विधी गुप्त ठेव, असे त्याने बजावले होते. पुढे त्याने माळ्याचे नाव घेतले. तो निरपराध आहे हे मला माहीत होते, तरी मी गप्प बसलो. दोष माझा आहे."

त्याच क्षणी कढई तळातून उभी चिरली. चाळीस विहिरींत पाणी चढल्याचा आवाज सभेपर्यंत आला. कालजंघाच्या झोळीतून माणिक घरंगळून फरशीवर पडले.

लोक उसळले. "मांत्रिकाला जाळात घाला," असे ओरडू लागले.

"नाही," नागाई म्हणाली. "त्यालाही विचारू, त्याचेही ऐकू. निकाल पुढच्या पौर्णिमेच्या आत, कारणांसकट लिहून. आणि तोवर त्याच्या बाजूने कोणीतरी उभे राहिले पाहिजे."

कोणी हलेना. कालजंघ एकटाच खाली मान घालून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला हात लपवावेसे वाटत होते.

तेव्हा भैरोजीने हातांना बांधलेले दोर सोडवून घेतले, मनगटे चोळली आणि तो सभेच्या मधून चालत मांत्रिकाच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"मी उभा राहतो," तो म्हणाला. "विचारा."

नागाईने आपल्या नवऱ्याकडे पाहिले. सात पिढ्यांच्या मानाने छाती कधी इतकी भरून आली नव्हती. राजाने लेखनिकाला खूण केली, आणि त्या राज्यातली पहिली सुनावणी सुरू झाली.