समोरच्या घरचं ऊन

घळवाडीत पहिल्यांदा आलेला माणूस ओढ्याच्या पुलावर थांबतो आणि गोंधळतो. तुम्हीही गोंधळलात, मी इथून पाहत होतो. दोन्ही काठांवर घरं, त्यांची तोंडं समोरासमोर, आणि प्रत्येक अंगणात एक पितळी परात उभी करून ठेवलेली. परातीची पाठ स्वतःच्या घराकडे, तोंड ओढ्यापलीकडे. मागे एक साहेब म्हणाले, "आजोबा, उलटी लावलीय. उजेड हवा तर घराकडे वळवा की." मी म्हटलं, वळवून बघा. त्यांनी वळवली, तशा समोरच्या आळीतल्या बायका ओरडत बाहेर आल्या.

ऊन अजून समोर नीट उतरायचंय, तोवर सांगतो. पण ही गोष्ट काही सरळ नाही. माझ्या चुलत्यांनी एक सांगितली, सासऱ्यांनी दुसरी, आणि दोघंही शपथेवर. माझा स्वतःचाच गोंधळ आहे, तेव्हा मध्येच खरं-खोटं विचारू नका.

हे गाव दोन कड्यांच्या मधे. सकाळी ऊन पश्चिमेच्या आळीला मिळतं आणि आमची पूर्वेची आळी कड्याच्या सावलीत असते. दुपारी उलटं. पूर्वी वाऱ्याच्या धाकानं घरांना खिडक्याच ठेवत नसत. अर्धा दिवस बायकांनी चाचपडत स्वयंपाक करायचा. त्यात ओढ्याच्या पाण्यावरून दोन्ही आळ्यांचं बोलणं बंद. असं सांगतात की इकडची म्हैस तिकडे गेली तर हाकून आणायचे, पण "आमची आहे" एवढंही तोंडातून काढायचे नाहीत.

तर त्या काळी आमच्या आळीत धुरपा नावाची सून होती, भिवाची बायको. पहिलंच बाळंतपण. चंपाषष्ठीच्या आदल्या सकाळी ती अडली. सुईण होती गजाई, वयानं थकलेली, जिभेनं नाही. ती आतून ओरडू लागली, "डोकं आलंय, पण नाळ गळ्याला बसलीय का काय, हाताला कळंना. उजेड द्या कुणीतरी, पोर निळं पडंल!"

दिवा आणला तर घळीतला वारा तो विझवी. आडोसा करून धरला तर गजाईच्याच हाताची सावली आड येई. भिवाला काही सुचेना. तो छपरावर चढला आणि गवत उपसू लागला. आत आलं ते गार वारं आणि कचरा. वरसुद्धा सावलीच होती, तिला भोक पाडून काय मिळणार? खाली बायको कण्हत होती आणि हा छपरावर बसून रडत होता, असं सांगतात. मला यात हसू येत नाही.

तेवढ्यात खोलीच्या भिंतीवर उजेड पडला. ताटाएवढा, गोल, थरथरता. तो भिंतीवरून उतरला, जमिनीवर आला, जरा भरकटला आणि धुरपाजवळ येऊन थांबला.

आता इथे माणसं काय करतील? उद्या चंपाषष्ठी, गाव खंडोबाचं. देवच आला म्हणून सगळी दारात धावली. कुणी भंडारा उधळला, कुणी लोटांगण घातलं, भिवानं छपरावरून उडी मारून उंबऱ्यावर डोकं टेकलं. आणि आत पुन्हा अंधार झाला. देव का रुसला कुणाला कळेना, म्हणून आणखी माणसं दारात आली आणि अंधार आणखी वाढला.

गजाई कडाडली, "पाया मागनं पडा! आधी दारातनं बाजूला व्हा, मेल्यांनो!"

माणसं हटली. उजेड होता तिथेच होता. गजाईला नाळेचा वेढा दिसला, तिनं बोटानं तो सोडवला, आणि पोर रडलं. मुलगी होती म्हणे. सासरे म्हणायचे मुलगा. असो, रडलं हे नक्की.

मग सगळ्यांनी ओढ्यापलीकडे पाहिलं आणि डोकंच चालेना. सणासाठी त्या आळीनं सगळी भांडी चिंच-राखेनं घासून उन्हात मांडली होती. दारोदारी ताटं, दारोदारी पराती, सगळ्याच लखलखत होत्या. उजेड कुणी धरला? भिवानं काठावर उभं राहून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, हाक मारली. एकही घर कबूल होईना. वैऱ्याला मदत केली हे आपल्याच आळीत कोण सांगणार? एक बाई तेवढी म्हणाली, "आमची भांडी वाळत होती. ऊन कुठं गेलं ते उनालाच इचारा."

पण वाळत घातलेलं ताट बाळंतीण शोधत फिरत नाही. धुरपाला हे कळत होतं. उपकार आहेत, पण कुणाचे ते माहीत नाही. ती नवस बोलली: माणूस सापडत नाही तोवर दुपारचं माझ्या दारातलं ऊन मी पलीकडच्या प्रत्येक घरात पाळीपाळीनं टाकीन. ज्याचं देणं आहे त्याला कधीतरी पोचेलच.

पलीकडच्यांना आधी वाटलं, ही करणी करतेय. काहींनी दारं लावली. मग एका म्हातारीला दुपारच्या अंधारात तांदळातला खडा दिसला. तिनं दार उघडं ठेवलं, आणि दुसऱ्या सकाळी आपली परात आमच्या आळीकडे वळवली. तिचं पाहून शेजारणीनं. कोण कुणाची फेड करतंय हे कुणालाच समजेना, आणि हळूहळू विचारायचंही बंद झालं. धुरपाला तो माणूस शेवटपर्यंत सापडला नाही. पाण्याचं भांडण मिटलं का म्हणाल, तर नाही, ते अजून आहे.

आजही सकाळी त्यांचं ऊन आमच्याकडे आणि दुपारी आमचं त्यांच्याकडे. आता कुणी आरसा लावतं, एकानं तर मोटारसायकलचा लावलाय. नियम तेवढा जुना: स्वतःच्या घराकडे वळवायचं नाही, आणि कुणाचं आलं ते विचारायचं नाही.

आत खाटेवर आमची कारभारीण आहे, हौसा. तिला आता उठवत नाही. समोरचं घर कुलूपबंद आहे, तिथली पोरं पुण्याला गेली. तरी सकाळी कवडसा येतो. गेल्या महिन्यात पाठीला वारं लागतं म्हणून मी तिची खाट या कोपऱ्यात आणली. कुणाला बोललो नाही. दुसऱ्या सकाळी कवडसा जुन्या जागी पडला, तिथं घटकाभर चाचपडला, आणि सरकत सरकत तिच्या पांघरुणावर आला. त्या उजेडात ती हाताची बोटं उघडते, मिटते. दिवसभरात तेवढंच हसते. कोण धरतं, मला माहीत नाही. दुपारी मी परात घेऊन बसतो आणि एकेक घर घेतो.

ते बघा, समोर ऊन उतरलं. पाव्हणं, आता जरा दारातनं बाजूला व्हा.