झेलूचा दुसरा मोजा

धुक्यात बुडालेल्या एका डोंगराच्या कुशीत, इवल्याशा झोपडीत, झेलू आणि तिची आई राहत. आई भल्या पहाटे फाटके बूट घालून गावात दूध घालायला जायची. थंडीने तिच्या पावलांना भेगा पडल्या होत्या. म्हणून झेलूने तिच्यासाठी लालचुटूक लोकरीचा मोजा विणला. एकच!

रोज पहाटे आई हसून विचारायची, "काय गं झेलू, आज कुणाची पाळी? डाव्याची की उजव्याची?" आणि मोजा त्या पायात चढवून निघायची. झेलू रोज ठरवायची, आज दुसरा विणायचाच.

तरी दुसरा मोजा काही होईना. पहिला विणताना कशी मजा आली होती! टाच वळली तेव्हा तर ती अंगणभर नाचली होती. आता पुन्हा तेच सुलट, तेच उलट, तीच टाच. चार ओळी झाल्या की जांभई यायची, टाका सुटायचा आणि झेलू वैतागून सगळं उसवून टाकायची.

"शी बाई! झालेलंच पुन्हा काय विणायचं?" असं पुटपुटत एका दुपारी ती सुया-लोकर घेऊन रानात गेली. तोच करवंदीच्या जाळीतून नाजूक आवाज आला, "अगं, मला सोडव ना!"

काट्यांत एक चिमुकली परी अडकली होती. मोरपंखी पंख, चंदेरी झगा आणि एका पायात गुंजेएवढा लाल मोजा. दुसरा पाय उघडाच, गारठून निळा पडलेला. बोटांना काटे टोचत होते, तरी झेलूने तिला अलगद सोडवलं.

"दोन इच्छा माग," परी म्हणाली. "पण माझी जादू एकासारखं दुसरं करत नाही हं. दर वेळी नवंच करते."

झेलूने अर्धंच ऐकलं. "आईच्या दुसऱ्या पायाला मोजा दे!"

लखलख झालं आणि मोजा आला. हिरवागार, घुंगरांचा, हत्तीला होईल एवढा!

झेलूने कपाळावर हात मारला. "अगं, हे काय केलंस?"

"सांगितलं होतं ना!" परी मुसमुसली. "शंभर वर्षं मीसुद्धा एकाच मोज्यावर काढतेय."

झेलू चिडली होती, पण त्या निळ्या पावलाकडे बघून तिला राहवेना. "आण इकडे पाय," ती करवादली. दहाच टाके, पण तिथेही सुलट, उलट, टाच! कुरकुरत का होईना, तिने मोजा पुरा केला. परीने दोन्ही पावलं शेजारी शेजारी ठेवली आणि ती खुदकन हसली. झेलू बघतच राहिली. आईचे दोन्ही पाय असे एकदम ऊबदार तिने कधी पाहिलेच नव्हते.

पण लोकर आता कमी पडणार होती. "लोकर पुरू दे," ती म्हणाली. "मोजा मीच विणते."

"कंटाळा येऊ नये, असं का नाही मागत?"

"तो मेला येणारच. येऊ दे!"

परी हसत हसत सोनेरी उजेडात विरघळली. झेलूने जांभया देत, टाक्यांना शिव्या घालत, दिवेलागणीपर्यंत विणलं. पण या वेळी उसवलं नाही. शेवटचा टाका पडला आणि लोकर संपली.

पहाटे आईने विचारलं, "आज कुणाची पाळी?"

"दोघांची," झेलू म्हणाली.

आई दोन्ही पाय शेजारी ठेवून कितीतरी वेळ उंबऱ्यातच बसली. त्या दिवशी गावाला दूध जरा उशिराच मिळालं.