घोट कुठे गेला

"मग लोक पुस्तिका वाचत का नाहीत, अप्पा?"

अप्पा भुईमुगाच्या शेंगा सोलत होते.

विचारणारा पराग उमराणी, पुण्याचा इंजिनिअर. बालाघाटाच्या माळावरच्या या लहानशा मठात तो सकाळी येऊन पोचला होता आणि चहा होईपर्यंत हा प्रश्न त्याने तीनदा विचारला होता. त्याची विचारण्याची रीत अशी, की उत्तर आपण लिहून आणलेलं आहे, समोरच्याने खाली सही तेवढी करावी.

परागने एक सॉफ्टवेअर तयार केलं होतं. संगणकावरचा मराठी मजकूर ते मोठ्याने वाचून दाखवी. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, आणि तेही फुकट. काम खरोखर चांगलं होतं, त्यात वाद नाही.

सॉफ्टवेअर संगणकावर कसं बसवायचं, हे सांगणारी बेचाळीस पानांची पुस्तिकाही त्याने दोन वर्षांपूर्वी छापून घेतली होती. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, मागच्या पानावर परागचा हसरा फोटो. पुस्तिकेला एका संस्थेचं पारितोषिक मिळालं होतं. पारितोषिक देणाऱ्यांपैकी कोणी ती वाचून सॉफ्टवेअर बसवून पाहिलं होतं की नाही, याची कुठे नोंद नाही.

मठातून त्याला सहा पत्रं गेली होती. लिहिणाऱ्या गोदूताई, सातवी पास, मठाचं स्वयंपाकघर आणि गोठा सांभाळणाऱ्या. पहिल्या पाच पत्रांत परागला बसत नाही, बसत नाही, एवढंच दिसलं होतं. अशा पत्रांना पराग छापील उत्तर पाठवी: कृपया पुस्तिका लक्षपूर्वक वाचावी.

सहावं पत्र वेगळं होतं.

"साहेब, तुमची काही चूक नाही. पुस्तक चांगलं आहे. आमचीच अक्कल कमी पडते. आता त्रास देत नाही."

तक्रार केली असती तर पराग स्वस्थ झोपला असता. या पत्राने त्याची दोन दिवस झोप उडवली आणि तिसऱ्या दिवशी तो स्वतःच निघाला. दहा मिनिटांत बसवून देऊ, बाईंचं कुठे चुकतं तेही दाखवू, असा हिशेब.

"ताई तुम्हांला वाचून दाखवत नाहीत का?" त्याने विचारलं.

अप्पांचं वय त्र्याऐंशी. काचबिंदूने सात वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेलेले. मठात औषधांच्या एकेचाळीस जुन्या पोथ्या होत्या, त्यांतल्या नऊ अप्पांनी तरुणपणी स्वतःच्या हाताने नकलून काढलेल्या. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलांनी दोन उन्हाळे बसून सगळ्या पोथ्या संगणकावर टाईप केल्या होत्या. ते टाईप बरोबर झालं की नाही हे सांगू शकणारा माणूस आता एकच उरला होता, आणि नेमकं त्यालाच दिसत नव्हतं.

"गोदू वाचते," अप्पा म्हणाले. "पण तिला सगळं पाठ आहे. चुकीचं लिहिलेलं असलं तरी ती बरोबर वाचते. मला काही न येणारा वाचक पाहिजे."

"म्हणजे यंत्र."

"किंवा माणूस... पण तसा मिळत नाही. प्रत्येकाला थोडं थोडं येत असतं."

परागला हे बोलणं थोडं आवडलं आणि थोडं लागलं. विषय बदलावा म्हणून त्याने चौरंगावरची पोथी उघडली. समासात जागोजाग गेरूचे तांबडे ठिपके होते. पूजेचे असावेत असं समजून त्याने त्यांवर डोकं टेकलं.

दारात उभ्या असलेल्या गोदूताईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या हे परागला दिसलं, का हसत होत्या ते कळलं नाही.

"लॅपटॉप आणा ताई," तो म्हणाला. "दहा मिनिटांचं काम आहे."

"तुम्ही नाही," अप्पा म्हणाले. "गोदू बसवेल. तुमच्या पुस्तकावरून."

"त्यांनी सहा वेळा प्रयत्न केलाय."

"सातव्यांदा करेल. तुमच्यासमोर."

मग अप्पांनी हात पुढे केला. गोदूताईंनी न विचारता त्या हातात तांब्या दिला. अप्पांनी तो परागच्या दिशेने धरला.

"तोंडात पाणी घ्या. गिळायचं नाही. थुंकायचं नाही."

पराग बघतच राहिला. तेव्हा गोदूताईंनी समजावून सांगितलं. मठाचा रिवाज होता. कोणी पोथीची नक्कल केली, की ती कापडात बांधण्याआधी एका अडाणी माणसाने तिच्यावरून औषध करून बघायचं. नक्कल करणाऱ्याने तोपर्यंत समोर बसायचं, तोंडात पाणी धरून. म्हणजे मध्येच सांगता येत नाही, की अहो, मला तसं नव्हतं म्हणायचं. दर वर्षी पोथ्या उन्हाला काढल्या की त्यांतलं एखादं औषध पुन्हा असंच करून बघायचं, कारण पोथी आहे तिथेच राहते आणि ओढ्याकाठचं झाड पुरात जातं.

"आणि अप्पांचे कान लई तिखट हायेत," गोदूताई म्हणाल्या. "घोट गिळलेला त्यांना ऐकू जातो."

परागने पाणी तोंडात घेतलं. सरकारी बैठकांत त्याने याहून चमत्कारिक गोष्टी केल्या होत्या.

मठात मोबाईलची रेंज फक्त तुळशीपाशी येई, म्हणून लॅपटॉप तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला. गोदूताईंनी हात पुसले, पुस्तिका उघडली आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू लागल्या.

"उजव्या बाजूचं हिरवं बटण दाबा."

त्यांनी उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. हिरवं काहीच नव्हतं. परागला एकदम आठवलं, ते बटण गेल्या दिवाळीत आपणच निळं केलं आणि खाली नेलं. तेव्हा चांगलं दिसतं म्हणून सगळ्यांनी वाहवा केली होती. ते सांगून टाकायला तो पुढे झाला.

घोट गेला.

"इथे," अप्पा म्हणाले.

गोदूताईंनी गेरूत बोट बुडवून गुळगुळीत कागदाच्या समासात एक तांबडा ठिपका दिला.

"आता ह्याला पण डोकं टेका साहेब," त्या हळूच म्हणाल्या.

परागचं तोंड लाल झालं, आणि पाण्याने भरलेलं असल्यामुळे फुगलेलंही दिसलं. गोदूताईंनी खाली शोधून निळं बटण दाबलं.

"आता नेहमीप्रमाणे फाईल उघडा." त्या थांबल्या. "माझं नेहमीचं म्हणजे चूल. ह्यांचं नेहमीचं काय, ते पुस्तकात न्हाई."

घोट. ठिपका.

तिसरा ठिपका एका चित्रावर पडला. चित्रात चार चौकोन होते, पडद्यावर दोनच. चौथा कुठे पडला ते परागने नंतर कोणालाच सांगितलं नाही. दर ठिपक्यानंतर अप्पा त्याला तांब्या पुढे करत, तो मुकाट्याने पुन्हा तोंड भरून घेई. सॉफ्टवेअर दोन वर्षांत तीनदा बदललं होतं. पुस्तिका मात्र पारितोषिक घेऊन सेवानिवृत्त झाली होती.

"पायरी सहावी," गोदूताईंनी वाचलं. "जुने असेल ते काढून टाका, म्हणजे नव्याला जागा होईल."

परागला म्हणायचं होतं, सॉफ्टवेअरची जुनी प्रत, असली तर. ते इतकं उघड होतं की लिहिण्याची गरज त्याला वाटली नव्हती.

गोदूताईंनी पडदा नीट न्याहाळला. तिथे एक पिवळं चित्र होतं, त्याखाली नाव होतं: जुन्या पोथ्या.

त्यांचं बोट थबकलं.

"अप्पा... जुन्या पोथ्या काढून टाका म्हणतंय."

अप्पांनी कान तिकडे केला.

"आजवर इथंच थांबत होते मी. हात व्हईना. पण आज साहेब समोर हायेत आणि छापलेलं हाय. छापलंय म्हणजे बरोबरच असंल. काढू का?"

"साहेबांना विचार," अप्पा म्हणाले.

"साहेबांच्या तोंडात पाणी हाय."

"मग पुस्तकाला विचार."

गोदूताईंनी पुस्तकाला विचारलं. ओळ पुन्हा वाचली. पुस्तकाचं म्हणणं तेच होतं. एकेचाळीस पोथ्या, मुलांचे दोन उन्हाळे. दुसरी प्रत कुठे काढून ठेवलेली नव्हती. त्यांनी बोटाने ते पिवळं चित्र ओढलं आणि कोपऱ्यातल्या टोपलीच्या दिशेने सरकवलं...

"थांबा!"

पाणी परागच्या कुर्त्यावर, पुस्तिकेवर, तुळशीवर गेलं. त्याने गोदूताईंचं मनगट धरलं होतं.

अप्पा शांत बसले होते.

"काय झालं?"

"पाणी सांडलं," पराग म्हणाला.

"हं." अप्पांनी चाचपडत तांब्या जवळ ओढला. "किती गावांना गेलंय तुमचं पुस्तक?"

"तीनशेच्या वर."

"तिथे पाणी सांडायला कोण बसलंय?"

...

परागने आधी टाईप केलेल्या पोथ्यांच्या दोन प्रती पेनड्राइव्हवर काढल्या, एक स्वतःजवळ ठेवली, एक गोदूताईंना दिली. त्यांनी ती ज्वारीच्या कणगीत ठेवली, कारण मठात त्याहून सुरक्षित जागा नव्हती.

नंतर त्याने पिशवीतून सहा पत्रं काढली आणि पहिल्यापासून वाचली. पहिल्यात हिरव्या बटणाचा उल्लेख होता. चौथ्यात स्पष्ट विचारलं होतं, जुनं म्हणजे काय समजावं. छापील उत्तर त्याचंही गेलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "ठिपके तुम्ही मला वर्षभर पोस्टाने पाठवत होता. मला ते दिसले नाहीत. आणि त्या सहाव्या ओळीपाशी तुम्ही थांबत राहिलात म्हणून पोथ्या राहिल्या. तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

"मला वाटलं, रागवायला आलात."

"आलो त्यासाठीच होतो."

गोदूताईंनी त्याला कोरडा सदरा आणून दिला. अप्पांचा होता, गुडघ्यापर्यंत आला.

त्या रात्री त्याने पुस्तिका नव्याने लिहिली, तिची अकरा पानं झाली. नेहमीप्रमाणे, अर्थातच, फक्त, असे सगळे शब्द त्याने काढून टाकले. वर तारीख घातली. शेवटी फोटोच्या जागी एक ओळ लिहिली: जिथे अडेल ते पान मला कळवा, चूक माझी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तांब्या घेऊन गोदूताईंसमोर जाऊन बसला.

"गोदू आता कामाची नाही," अप्पा म्हणाले. "तिला यायला लागलं."

गोदूताईंना हे ऐकून आनंद झाला की राग आला, त्यांचं त्यांनाच ठरवता येईना.

मग दूध घालायला आलेल्या धुळाप्पाला बसवलं. मिशा पांढऱ्या, बोटं जाड, संगणकाला आयुष्यात हात लावलेला नाही. म्हशी खोळंबल्यात, असं तो दोनदा म्हणाला आणि मग त्याला गोडी लागली. दोन ठिकाणी घोट गेला. परागने तिथेच बसून ती दोन वाक्यं बदलली. मग धुळाप्पाने पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. अप्पा कान देऊन बसले होते.

घोट गेला नाही.

लॅपटॉपमधून एक सपाट, भावनाशून्य आवाज बाहेर पडला. धुळाप्पा पाट सोडून मागे सरकला.

"पोथी पहिली," यंत्र म्हणालं.

अप्पांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून परागने मान खाली घातली. सात वर्षांनी ते आपली पोथी दुसऱ्याच्या समजुतीशिवाय ऐकत होते.

"थांबवा जरा," अप्पा म्हणाले. "तांब्या द्या."

"तहान लागली?"

"पोथी माझ्या हातची आहे." त्यांनी तोंड भरून पाणी घेतलं आणि ताठ बसले.

यंत्र वाचत गेलं. एक पान झालं, दोन झाली. तिसऱ्या पानावर सांधेदुखीचं औषध आलं, पोटात घ्यायचं.

"बिबे अकरा," यंत्र म्हणालं, "दुधात शिजवून..."

घोट गेला. तो सगळ्यांना ऐकू आला.

"एक," गोदूताई म्हणाल्या. "बिबा एक. अकरानं माणूस आतून भाजून निघंल. पोरांनी टाईप करताना एकावर एक दाबलं असंल."

"पोथी बघ."

गोदूताईंनी पोथीचं पान काढून उजेडात धरलं. आकड्यावरून दोनदा बोट फिरवलं.

"अप्पा... अकराच हाय. तुमच्याच अक्षरात."

पन्नास वर्षं पोथीत अकरा लिहिलेलं होतं आणि पन्नास वर्षं सगळ्यांनी एक वाचलं होतं. त्या साली वाचायला अडाणी माणूस मिळाला नव्हता, अप्पांनी सांगितलं. गुरुबंधूंनी वाचली. ते फार विद्वान होते.

अप्पांनी स्वतःच गेरूची वाटी चाचपडून शोधली, बोट बुडवलं आणि गोदूताईंनी हात धरून नेला तिथे ठिपका दिला. मग त्यांनी हात जोडले. आधी यंत्राकडे, मग परागचा आवाज जिथून येत असे त्या बाजूला, मग गोदूताईंकडे. धुळाप्पालाही सोडलं नाही.

"माझी चूक माझ्या डोळ्यांदेखत सापडली," ते म्हणाले आणि स्वतःशीच हसले. "एवढं भाग्य माझ्या गुरूंनाही लाभलं नाही."

पराग वाकून त्यांच्या पाया पडला. निघताना, पिशवी खांद्याला लावल्यावर, समाधान तोंडावाटे बाहेर आलंच.

"पोथीही शुद्ध झाली आणि पुस्तिकाही, अप्पा. आता दोन्ही कामं पुरी झाली."

अप्पांनी पुढ्यातला तांब्या उचलला. हलवून पाहिला. रिकामा होता.

...

"गोदू," ते म्हणाले, "तांब्या भरून ठेव."